कळांचा नकाशा तपासणारे

इनस्क्रिप्ट या मांडणीने टाइप करणारा माणूस ‘डॉक्टर’ हा शब्द सहा कळांत लिहितो. त्यातली दुसरी कळ ‘ॉ’ची. अमेरिकी पद्धतीच्या कीबोर्डवर ती एंटरच्या डोक्यावर असते आणि तिच्यावर बॅकस्लॅश छापलेला असतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे घेतलेल्या लॅपटॉपवर बॅकस्लॅशची कळ डाव्या शिफ्टला चिकटून सापडते आणि ती दाबली तर ‘ॉ’ येत नाही. तो येतो एंटरजवळच्या, हॅशचे चिन्ह छापलेल्या कळेवर. यात बिघाड काहीच नाही. लिनक्स कळेला ओळखतो तो तिच्या जागेवरून. वर काय छापले आहे, ते त्याला ठाऊक नसते. एंटरजवळच्या त्या कळेचा क्रमांक ४३, शिफ्टशेजारच्या जादा कळेचा ८६.

हे क्रमांक नीट राहावेत म्हणून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, येणारा कीबोर्डचा प्रत्येक ड्रायव्हर आधी माणसे वाचतात. ओळीन् ओळ वाचतात, हरकती घेतात, परत पाठवतात. या वाचनाची कुणी दखल घेत नाही. म्हणून हा परिचय.

आधी क्रमांकांविषयी. आयबीएमने १९८१ साली पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचा कीबोर्ड प्रत्येक कळेसाठी एक आकडा पाठवत असे. मुख्य कळांसाठी लिनक्सने बहुतांशी तेच आकडे उचलले: एस्केप १, ‘ए’ ३०, ‘के’ ३७. तुम्ही ‘के’ दाबता तेव्हा कर्नल एवढेच सांगतो, ३७ दाबली गेली. वरच्या थरातली एक्सकेबी ही व्यवस्था त्यात ८ मिळवून ४५ करते आणि तुम्ही निवडलेल्या मांडणीत पाहते. मांडणी इंग्रजी असेल तर ‘के’, इनस्क्रिप्ट असेल तर ‘क’. सातबाऱ्यावर जसा गट नंबर कायम असतो आणि पिकाची नोंद हंगामागणिक बदलते, तसे हे आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात इनस्क्रिप्टची मांडणी १९९१ साली छापली गेली. त्याच वर्षी लिनस तोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केला. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही देवनागरीला लिनक्समध्ये जागा मिळवण्यासाठी कर्नलला हात लावावा लागत नाही, कारण अक्षर ठरवण्याचे काम वरच्या थराकडे आहे. मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता प्रत्यक्ष कोड. लॅपटॉपमध्ये प्रत्येक कळेला वेगळी तार नसते. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. क्रोमबुकच्या नेहमीच्या जाळीत ८ ओळी आणि १३ स्तंभ असतात. म्हणजे २१ तारांत १०४ जागा. कुठल्या छेदावर कुठली कळ आहे, याचा तक्ता ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या हार्डवेअर-वर्णनात लिहितात. प्रत्येक नोंद ३२ बिटांची: वरच्या आठ बिटांत ओळ, पुढच्या आठांत स्तंभ, खालच्या सोळांत कळेचा क्रमांक. क्रोमबुकच्या तक्त्यात शिफ्टशेजारची युरोपी कळ, जपानी ‘रो’ आणि ‘येन’ या सगळ्या आपापल्या छेदावर नोंदलेल्या आहेत. मशीन त्या प्रदेशाचे नसेल तर तिथे कळ नसते, एवढेच.

तक्ता दिसायला सोपा, पण वाचणाऱ्याची नजर कुठे अडकते ते पाहा. तक्त्यातली जागा काढताना कर्नल ओळीला १३ ने गुणत नाही. तो १३ ला दोनाच्या पुढच्या घातापर्यंत, म्हणजे १६ पर्यंत, नेतो आणि ओळीचा आकडा चार बिट सरकवून त्यात स्तंभ मिळवतो. म्हणून आठ ओळींना १२८ जागा लागतात. नव्या माणसाने आठ गुणिले तेरा करून १०४ जागांचा तक्ता बांधला, तर शेवटच्या ओळींच्या कळा दाबताच ड्रायव्हर तक्त्याबाहेरची स्मृती वाचू लागतो. तक्ता भरताना १६ धरले आणि कळ दाबल्यावर शोधताना १३, तर पहिली ओळ बरोबर चालते आणि दुसरीपासून सगळी अक्षरे घसरतात. वरवरच्या चाचणीत हे सुटू शकते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटता कामा नये. नोंदीतली ओळ किंवा स्तंभ जाळीबाहेरचा असेल तर ती नोंद नाकारणारी तपासणी कर्नलच्या सामाईक कोडमध्ये आहे, आणि नवा ड्रायव्हर ती टाळून स्वतःचेच काही लिहीत असेल तर पहिली हरकत तिथेच येते.

जाळीचा एक दोष म्हणजे भुताची कळ. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की वीज आडवाटेने फिरते आणि चौथीही दाबल्याचे दिसते. प्रत्येक कळेला डायोड लावला तर हे टळते, पण स्वस्त कीबोर्डात डायोड नसतात. क्रोमबुकचा ड्रायव्हर म्हणून स्तंभांच्या जोड्या ताडून पाहतो. दोन स्तंभांत दोन किंवा अधिक ओळी समान दिसल्या तर ती स्थिती पुढे पाठवतच नाही. न दाबलेले अक्षर उमटण्यापेक्षा एखादे दाबलेले काही क्षण थांबलेले बरे, हा निर्णय मला योग्य वाटतो. ही गाळणी हवी की नको, हेही डिव्हाइस ट्रीतच सांगायचे असते, कारण डायोड आहेत की नाहीत ही त्या बोर्डाची वस्तुस्थिती आहे.

वादाचा खरा मुद्दा नेहमी हाच असतो: वस्तुस्थिती कोणती आणि आवड कोणती? डिव्हाइस ट्री तपासणाऱ्यांचा आग्रह असतो की वर्णनात हार्डवेअरच यावे. कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल हवा असेल तर ती वापरणाऱ्याची आवड. ती कर्नलमध्ये घालायची नाही. लॅपटॉप कंपनीने एखादी कळ चुकीच्या आकड्याने पाठवली तरी अनेकदा उत्तर मिळते, की ही दुरुस्ती यूडेव्ह या कर्नलबाहेरच्या व्यवस्थेच्या हार्डवेअर-यादीत करा, त्यासाठी कर्नल बदलायला नको. नव्याने येणाऱ्याला हे नकार कडू लागतात. पण एकदा कर्नलने जगाला दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, हे लक्षात घेतले की त्यांचा अर्थ कळतो. मायक्रोफोन बंद करणाऱ्या कळेचे उदाहरण घ्या. तिला २४८ क्रमांक मिळाला. खिडक्यांचा पडदा चालवणाऱ्या जुन्या एक्स व्यवस्थेची धाव २५५ पर्यंतच. २४८ मध्ये ८ मिळवले की २५६. एका आकड्याने ती कळ एक्सच्या आवाक्याबाहेर गेली. शेवटी यूडेव्हच्या यादीत अनेक लॅपटॉपांची ती कळ एफ-२० म्हणून दाखवावी लागली.

कीबोर्डने आपली ओळख स्वतः सांगावी, अशी सोय यूएसबीच्या नियमांत आहे. देशाच्या मांडणीसाठी एक रकाना ठेवलेला आहे. ब्रिटन ३२, अमेरिका ३३. पण तो भरण्याची सक्ती नाही आणि बहुतेक कीबोर्ड तिथे शून्य लिहून मोकळे होतात. अ‍ॅपलच्या कीबोर्डांसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरला युरोपी मांडणीचा वेगळा पर्याय ठेवावा लागला, कारण त्यातल्या काहींत दोन कळांचे आकडे अदलाबदल होऊन येतात. याउलट २०२० साली क्रोमबुकच्या वरच्या रांगेचा प्रश्न नीट सुटला. त्या रांगेतल्या कळांचा क्रम मॉडेलगणिक वेगळा. प्रत्येक मॉडेलची यादी कर्नलमध्ये कोंबण्याऐवजी, डावीकडून उजवीकडे कुठले आकडे आहेत ते फर्मवेअरने सांगायचे आणि कर्नलने जसेच्या तसे वर पोहोचवायचे, असे ठरले. कर्नलने निरोप्या राहायचे, हे तत्त्व त्यात शाबूत राहिले.

कीबोर्डचे ड्रायव्हर कर्नलच्या ज्या इनपुट विभागात येतात, त्याची मूळ बांधणी व्होयतेख पाव्लिक या चेक प्रोग्रामरची. पुढे अनेक वर्षे द्मित्री तोरोखोव यांनी तो सांभाळला. जो कोड पाठवतो तो शेवटी स्वतःच्या नावाची सही करतो, आणि ज्याने वाचून पसंत केला त्याचेही नाव त्याच नोंदीत कायमचे राहते.

ज्यांना सी भाषा येते त्यांनी कर्नलमधल्या कीबोर्डच्या कप्प्यातली एखादी छोटी फाइल उघडून वाचावी. मॅट्रिक्स कीपॅडची फाइल त्यासाठी चांगली आहे. ज्यांना येत नाही त्यांनाही एक काम करता येते. लिनक्सवर मराठी लिहिताना एखादी कळ भलतेच उमटवत असेल, तर आधी मांडणीला दोष देऊ नका. ‘ईव्हीटेस्ट’ हा छोटा प्रोग्राम चालवा, ती कळ दाबा आणि आलेला आकडा पाहा. आकडा बरोबर असेल तर चूक मांडणीत आहे आणि मांडणी सांभाळणाऱ्यांना कळवा. आकडाच चुकीचा असेल तर लॅपटॉपचे मॉडेल, आलेला आकडा आणि कळेची जागा लिहून यूडेव्हची यादी सांभाळणाऱ्यांना पाठवा.