पोळपाटावरचा व्यवसाय

मुंबईत गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या ‘लिज्जत पापड’ या उद्योगात पीठ सकाळी केंद्रावर मळले जाते, सभासद भगिनी ते घरी नेऊन सवडीने लाटतात आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी जमा करून मजुरी घेतात. त्यामुळे कामाची वेळ बहुतांशी त्यांच्याच हाती राहते. केंद्रावरील ही रोजची भेट म्हणजेच त्यांचे व्यावसायिक संपर्कजाळे, अर्थात कामातून जुळणाऱ्या उपयोगी ओळखी, आणि अशा ओळखींसाठी व्यावसायिक जगात होणाऱ्या संध्याकाळच्या मेजवान्यांची त्यांना गरज भासत नाही. प्रत्येक भगिनी सहमालक मानली जाते, म्हणजे नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. मात्र स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन स्त्रीकडेच राहणार, हे या रचनेने गृहीत धरले, बदलले नाही.