बंदूक हाताशी नसेल तर...

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की बंदूकबंदीचा वाद नव्याने पेटतो. एक बाजू दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेल्या हक्काकडे बोट दाखवते, दुसरी मुलांच्या शवपेट्यांकडे. या गदारोळात एक आकडा मागेच राहतो. २०२१ साली तिथे बंदुकीने सुमारे ४९ हजार माणसे दगावली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

‘ज्याला मरायचेच आहे तो कसाही मरेल,’ असे सर्रास म्हटले जाते. वैद्यकीय अनुभव नेमका उलटा आहे. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांत, फार तर काही तासांत ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक मात्र ओसरण्याची सवडच देत नाही.

इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ मध्ये ती छावणीतच ठेवून जाण्याचा नियम झाला. त्यानंतर आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, आणि इतर दिवशी वाढही झाली नाही. सैनिक तसेच, नोकरीही तीच. रायफल तेवढी दूर गेली.

अमेरिकेत मात्र १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर सरकारी आरोग्य यंत्रणेने या विषयावरच्या संशोधनातून वीसेक वर्षे जवळजवळ अंगच काढून घेतले. फ्लोरिडाने २०११ मध्ये ‘घरात बंदूक आहे का?’ असे रुग्णाला विचारण्यावरच निर्बंध आणले. ते न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केले. मलेरियाच्या रुग्णाला डासांबद्दल विचारू नका, म्हणण्यासारखेच हे!

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक मिळत नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांना तिची जागा घेणारी वस्तू चांगलीच ठाऊक आहे: कीटकनाशकाची बाटली. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. पिकांचे उत्पादन त्यामुळे घसरल्याचे दिसले नाही.

घरात कोणी खचलेले, अबोल झालेले दिसले, तर फवारणीचे औषध घराबाहेर कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. डॉक्टरकडे न्यावेच, पण हे काम त्याच दिवशी, आधी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते.