कार्बन चाकांवरची अक्षरं का बिघडतात?

सायकलचं चाक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात कार्बनची रिम साच्यात कशी घडते ते पाहिलं. आज त्या रिमवरच्या अक्षरांविषयी. झिप, एन्व्ही, कॅम्पाग्नोलो या नावांची वरच्या दर्जाची चाकजोडी भारतात आणायची तर दोन-तीन लाख सहज लागतात. एवढे पैसे मोजल्यावर दोन उन्हाळ्यांत पांढरं नाव पिवळट पडलं किंवा लाल अक्षरं गुलाबी दिसू लागली, की मालक हळहळणारच. तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते : स्टिकर खराब निघाले. प्रत्यक्षात रंग बिघडण्याची कारणं पाच-सहा तरी आहेत. त्यांतल्या एकाचा स्टिकरशी काहीच संबंध नसतो आणि नेमकं तेच सायकलस्वाराच्या जिवाशी खेळणारं आहे. म्हणून नवे स्टिकर मागवण्याआधी डाग कुठे पडलाय आणि त्याचा आकार कसा आहे, हे शांतपणे बघावं.

बहुतेक चाकांवरची अक्षरं म्हणजे पीव्हीसीचं, म्हणजे विनाइलचं, पातळ स्टिकर. विनाइलचा एक प्रकार ओतून बनवतात. तो सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा असतो आणि फारसा आक्रसत नाही. दुसरा रुळांमधून लाटून काढतात. तो जाड आणि स्वस्त असतो, पण लाटताना बसलेला ताण वर्षानुवर्षं सोडत राहतो, म्हणून आक्रसतो. काही चाकांवर पाण्यातून सरकवून लावायची अक्षरं असतात आणि त्यांवर क्लिअर कोट मारलेला असतो. ती बदलता येत नाहीत. झिपने २०१५ साली एनएसडब्ल्यू मालिकेत शाई थेट रिमवर छापायला सुरुवात केली. त्यांच्या रिमवर हवेसाठी बारीक खळगे असतात आणि स्टिकर चिकटवला की ते झाकले जातात, हे त्यामागचं एक कारण.

आता ऊन. फिरत्या चाकाच्या प्रत्येक भागाला ऊन सारखंच लागतं. त्यामुळे अक्षरं पूर्ण वर्तुळावर एकसारखी उतरली असतील, तर ते रस्त्यावरचं ऊन. पण एकाच कमानीतली अक्षरं फिकी आणि समोरची ताजी असतील, किंवा चेनच्या बाजूचं नाव उतरलं आणि पलीकडचं कोरं राहिलं, तर सायकल बराच काळ न हलता एकाच जागी, एकाच बाजूने उभी राहते आहे. खिडकीच्या काचेमागे ठेवली तरी हे घडतं. साधी काच अतिनील किरणांतला ‘बी’ पट्टा बराचसा अडवते, पण ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा ‘ए’ पट्टा बऱ्याच अंशी आत येऊ देते, आणि रंगांची वाट लावायला तो पुरेसा असतो. ‘सायकल तर सावलीत होती’ असं सांगणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांचा मोठा हिस्सा थेट सूर्याकडून न येता आकाशातून विखरून येतो. वर आभाळ मोकळं असेल तर भिंतीची सावली निम्मीच कामाची.

सगळे रंग मात्र सारखे उतरत नाहीत. चौकातला वर्षभर टांगलेला फ्लेक्स आठवा : त्यावरचे सगळे चेहरे निळे पडलेले असतात. छपाईच्या चार शाईंपैकी पिवळी आणि किरमिजी उन्हात आधी मोडतात. निळ्या शाईतलं तांब्याचं थॅलोसायनिन आणि काळ्यातली काजळी तग धरतात. चाकावरचं लाल हे किरमिजी आणि पिवळ्याच्या मिश्रणातून छापलेलं असेल, तर पिवळा गेला की गुलाबी उरतो. अंगचाच लाल असलेला विनाइल कापून बनवलेलं अक्षर त्या मानाने खूप टिकतं. झगमगीत नारिंगी, पोपटी असे फ्लुरोसंट रंग सगळ्यांत अल्पायुषी. त्यांची चमकच अतिनील प्रकाश शोषून येते आणि शोषता शोषता त्यांचे रेणू तुटतात. रंग उन्हात किती टिकतो ते मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची जुनी मोजपट्टी आहे. तिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दुप्पट काळ टिकते. विनाइल बनवणारे आपल्या मालाचं बाहेरचं आयुष्य वर्षांत लिहून देतात आणि उष्ण प्रदेशांसाठी ते कमी धरतात. लाखांत किंमत घेणाऱ्या चाक कंपन्यांनीही ते ग्राहकाला सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

पांढरं अक्षर पिवळं पडतं ते वेगळ्या वाटेने. ऊन आणि उष्णता यांनी पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड निसटतं आणि त्या जागी दुहेरी बंध तयार होतो. एक सुटला की शेजारचा सुटणं सोपं जातं. असे सहा-सात बंध ओळीने जमले की ती साखळी निळा प्रकाश शोषू लागते आणि डोळ्याला पिवळसर दिसते. हा पिवळेपणा घासून जाणार नाही, कारण तो पदार्थाच्या आतच तयार झालेला असतो.

अक्षराभोवती बारीक काळी रेघ दिसत असेल, तर रंग बिघडलेलाच नाही. आक्रसलेल्या विनाइलने कडेचा गोंद उघडा टाकलाय आणि त्यावर धूळ, ब्रेकची भुकटी बसली आहे. चुकून हे ऊन समजू नये. मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कड पुसली की रेघ जाते. दर पावसाळ्यानंतर पुन्हा पुसावी लागेल, इतकंच.

आडवा तपकिरी पट्टा, अगदी कारच्या रॅकच्या रबरी पट्ट्याएवढ्या रुंदीचा, हा रबराचा प्रताप. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात, हवेशी संयोग होऊन तपकिरी होतात आणि शेजारच्या विनाइलमध्ये मुरतात. दुकानात एकमेकांना खेटून टांगलेल्या चाकांवरही टायर लागेल तिथे असेच डाग उमटतात. एकदा मुरले की ते निघत नाहीत. मध्ये सुती कापड ठेवणं एवढाच उपाय.

आपल्याकडे आणखी दोन कारणं जोडीला येतात. चेन धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरायची सवय अजून गेलेली नाही. त्याचे शिंतोडे मागच्या चाकावर उडतात, विनाइल फुगतं, त्यातला मऊपणा देणारा पदार्थ धुऊन निघतो, आणि मग अक्षर कडक होऊन चिरतं. मागच्या चाकावर चेनच्या बाजूचं अक्षर सुरकुतलं असेल तर कारण हेच समजा. दुसरं, पावसाळ्यात ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवलेली सायकल. विनाइलला मऊ ठेवणारा तोच पदार्थ काही बुरशींना खाद्य म्हणून चालतो. पांढऱ्या अक्षरावर काळे-गुलाबी ठिपके आले तर ते त्यांचे.

आता ज्या कारणासाठी हा लेखांक लिहायला घेतला त्याकडे येतो. डिस्क ब्रेकना आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने रस्त्यावरच्या शर्यतींत २०१८ साली कायमची मान्यता दिली. तरी रिम ब्रेकची कार्बन चाकं आजही पुष्कळ वापरात आहेत आणि जुन्या बाजारात हातोहात विकली जातात. अशा चाकावर ब्रेक पॅड घासतो त्या पट्टीलगतच तपकिरी किंवा पिवळट छटा दिसली, तर थांबा. सायकलसह ८५ किलो वजन सिंहगडाचा घाट उतरताना ६०० मीटर खाली आलं, तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही वारा खातो, उरलेली ब्रेकमधून उष्णता होऊन रिममध्ये जाते. ॲल्युमिनियम ती चटकन पसरवतं. कार्बनचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन यांना ते जमत नाही, उष्णता त्या पट्टीतच साठते. रेझिन मऊ पडण्याचा बिंदू त्याच्या जातीनुसार साधारण १२० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी असतो, आणि लांब उतारावर ब्रेक धरूनच ठेवला तर तिथवर पोचणं अशक्य नाही.

तपासणी अशी करा. पांढऱ्या कापडावर अल्कोहोल घेऊन डाग पुसा. रंग कापडावर आला तर ती पॅडची भुकटी आहे. स्विसस्टॉपचे पिवळे ‘यलो किंग’ पॅड वापरणाऱ्यांच्या रिमवर असा थर हमखास दिसतो आणि तो निरुपद्रवी असतो. रंग आला नाही तर पट्टीवरून नख फिरवा. पापुद्रा, फोड, बारीक लाट लागते का? मग व्हर्निअर कॅलिपरने रिमची रुंदी आठ-दहा ठिकाणी मोजा. डागाच्या जागी ती बाकीपेक्षा अर्धा मिलीमीटर जास्त भरली किंवा ब्रेक दाबताना हाताला ठोके जाणवत असले, तर ते चाक त्या क्षणापासून वापरातून काढा. ट्यूबचा दाब रिमच्या कडा बाहेर ढकलत असतो आणि मऊ पडलेली कड उतारावरच फाटते. विकणारा ‘फक्त स्टिकर जळलेत’ म्हणत असेल, तरी हे माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कारण ऊन किंवा गोंदच आहे अशी खात्री झाली तर स्टिकर बदलणं घरी जमतं. एन्व्ही आणि झिप दोघांचेही सुटे संच मिळतात. केस वाळवायच्या ड्रायरने अक्षर कोमट करा. रंग जाळायची हीट गन नको, रेझिनचं कारण वर आलंच आहे. कोपरा प्लॅस्टिकच्या कार्डाने उचला आणि अगदी तिरक्या कोनात, सावकाश ओढा. ब्लेड मुळीच लावू नका, एक ओरखडा वरचे तंतू कापू शकतो. उरलेला गोंद अल्कोहोलने जातो. ॲसिटोन आणि पेंट रिमूव्हर क्लिअर कोट खातात, त्यांना हात लावू नका. स्टिकर निघाल्यावरही जुन्या नावाची सावली रिमवर दिसेल : झाकलेला भाग ऊन आणि धुण्यापासून वाचलेला असतो, म्हणून त्याची चकाकी वेगळी. त्याच आकाराचा नवा संच लावला तर ती झाकली जाते, म्हणून मागवण्याआधी आपल्या चाकाचं वर्ष आणि रिमची खोली कळवा. नवे लावताना व्हॉल्व्हच्या भोकापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजून खूण करा आणि चिकटवल्यावर दोन दिवस चाक धुवू नका. गोंदाला पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो.

(पुढील लेखांक : स्पोकचा ताण)