यात्रेकरूचा उतारा

यात्रेस निघालेल्या माणसाला दर्ग्याची वाट कोणीही दाखवितो. उताऱ्याची वाट मात्र ज्याची त्याला शोधावी लागते. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात ही अडचण फार जुनी. 1615 साली जहांगीराच्या दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो येथे उतरला, तेव्हा त्याच्या वाट्यास विटांच्या चार खोल्या आल्या, भट्टीएवढ्या! तो बापडा आपल्या तंबूतच झोपला.

आज येथे येणाऱ्यांत दाऊदी बोहरा यात्रेकरू पुष्कळ. 1730 साली दिवंगत झालेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांच्या दर्ग्यावर ते येतात. बाजारातल्या लॉजात खाट स्वस्त मिळेलही. परंतु नमाजापूर्वीच्या वजूला पुरेसे पाणी, खात्रीचे हलाल अन्न आणि बायकामुलांना निवांतपणा, ही तिन्ही एकाच भाड्यात क्वचित मिळतात. म्हणून दर्ग्यालगतच उतरण्याची सोय असणे महत्त्वाचे. बोहरा मंडळी एका मोठ्या थाळाभोवती बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवण सुरू करतात. शेजारी कारकून बसला आहे की पेढीवाला, हे थाळावर कळत नाही. माझ्या मते यात्रेचे निम्मे सुख तेथेच आहे.

उरूस शव्वाल महिन्यात भरतो. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे तो कधी थंडीत येतो, कधी ऐन वैशाखात. तशा वर्षी खोली आगाऊ सांगून ठेवावी आणि तळमजल्यावरचीच मागावी. पत्र्याखालची मिळाली, तर ती रोसाहेबाची भट्टीच समजावी.