टायटॅनिकची हाक जवळच्या जहाजाला ऐकू का गेली नाही?

14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी टायटॅनिक उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगाला धडकलं. काही वेळातच तिथून वायरलेसवर मदतीचे संदेश सुटू लागले. काही मैलांवर 'कॅलिफोर्नियन' हे जहाज बर्फामुळे थांबलं होतं, पण त्याला हे संदेश मिळालेच नाहीत. का?

वायरलेस किती नवं होतं?

हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकात प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या. गुल्येल्मो मार्कोनी यांनी त्यांचा संदेशवहनासाठी वापर केला आणि 1901 मध्ये अटलांटिकपार संदेश पोहोचवल्याचा दावा केला. टायटॅनिक बुडालं तेव्हा त्याला जेमतेम 10 वर्षं झाली होती.

अडचण काय होती?

जहाजांवरच्या यंत्रांतून आवाज जात नसे. विजेची ठिणगी पाडून लहरी तयार व्हायच्या आणि मोर्स कोडमधून संदेश जायचा. या लहरी अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरत, त्यामुळे जवळच्या जहाजांचे संदेश एकमेकांत घुसायचे.

त्या रात्री तेच झालं. 'कॅलिफोर्नियन'चे ऑपरेटर सिरिल इव्हान्स यांनी बर्फाचा इशारा दिला. टायटॅनिकचे जॅक फिलिप्स तेव्हा प्रवाशांच्या तारा पाठवत होते. मध्येच कानात घुमलेल्या या संदेशावर वैतागून त्यांनी इव्हान्स यांना गप्प बसायला सांगितलं. हे ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे होते आणि प्रवाशांच्या पैसे देऊन पाठवलेल्या तारा हे त्यांचं रोजचं मोठं काम होतं.

दिवसभर एकट्यानं काम केलेल्या इव्हान्स यांनी थोड्या वेळानं यंत्र बंद केलं आणि ते झोपले. काही मिनिटांतच टायटॅनिक धडकलं.

मग मदत कशी पोहोचली?

योगायोगानं. सुमारे 58 मैलांवरच्या 'कार्पेथिया'चे ऑपरेटर हॅरोल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होते, पण त्यांचा हेडफोन अजून कानावरच होता. 'कार्पेथिया'नं 700 हून अधिक लोकांना वाचवलं. 1,500 च्या आसपास लोकांचा मृत्यू झाला.

त्यानंतर काय बदललं?

अमेरिकेनं त्याच वर्षी प्रवासी जहाजांवर किमान 2 ऑपरेटर आणि अखंड पहारा बंधनकारक केला. 1914 मध्ये लंडनला जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

'कॅलिफोर्नियन'वर यंत्र होतं, ते चालवणारा माणूसही होता. त्यानं रात्री जागं राहावं, असा नियम मात्र नव्हता.