सिंकखालचं वळण

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून होतो, कढईतलं उरलंसुरलं डालडा-तूप सिंकमध्ये जातं आणि काही दिवसांत पाणी उतरेनासं होतं. मग कुणी उकळतं पाणी ओतून बघतं. घटकाभर बरं वाटतं, पण वितळलेलं तूप दोन हात पुढे जाऊन पुन्हा गोठतं आणि नळीला आतून थर धरतं. त्यावर चहाचा चोथा बसतो, भाताची शितं बसतात. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या टिश्यूंचा मिळून सुमारे 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा दगडासारखा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले. सुरुवात मात्र घरोघरच्या सिंकमधूनच झाली होती.

सिंकखालची नळी सरळ खाली न जाता वळण घेते, ते उगीच नाही. त्या वळणात कायम थोडं पाणी साचलेलं असतं आणि तेच गटारातला वास आणि झुरळं अडवतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली लंडनमध्ये शौचालयासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. आपल्या मोरीच्या जाळीखाली हेच काम न्हाणी ट्रॅप करतो. 'न्हाणी' हा आपला घरगुती शब्द भारतीय स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही जसाच्या तसा गेला आहे. महिनाभर बंद असलेल्या घरात वास येतो तो हे पाणी सुकल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की बहुतेकदा काम होतं.

कचरा अडकतो तोही बहुधा याच वळणात, म्हणजे हाताच्या अंतरावर. खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवली की ती सुटते. गाळ काढून, धुऊन पुन्हा बसवता येते. मोरीत जाळी उचलून वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता ओढून काढावा. रबरी पंप वापरताना रबर बुडेल इतकं पाणी हवं आणि सिंकचं वरचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरायला हवं, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो.

लोक मात्र आधी ॲसिडची बाटली आणतात. पूर्ण तुंबलेल्या नळीत ते पुढे सरकतच नाही, तिथेच साचून राहतं आणि नंतर नळी उघडणाऱ्या प्लंबरच्या हातावर पडतं. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे दोन्ही एकत्र कधीच वापरू नये.

फुटलेल्या नळीचं गणित वेगळं. जुन्या चाळींच्या बिडाच्या पाइपांना सांध्यातून पिंपळ फुटतो. वरची फांदी छाटून काही होत नाही, मूळ सांधा उघडूनच काढावं लागतं. पीव्हीसीच्या चिरेवर लावलेलं एम-सील हा तात्पुरता उपाय. खराब तुकडा कापून, कपलर आणि सॉल्व्हंट सिमेंटने नवा जोडणं हीच खरी दुरुस्ती.

तळमजल्याच्या सगळ्या मोऱ्यांतून एकदम पाणी उलटं येऊ लागलं, तर अडथळा बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा त्याच्याही पुढे आहे असं समजावं. इथे घरगुती उपाय संपतात. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण आतला वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. सोसायटीचा चेंबर तुंबला तर सक्शनची गाडी बोलवा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. झाकण उघडून कुणालाही आत उतरवू नका.