परदेशातली दिवाळी, आपल्या हातची

ऑक्टोबरात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. पुण्यात पहाटे पाचला अभ्यंगस्नानासाठी घर जागं होतं, तेव्हा तिथं शिकणाऱ्या मुलाची आदली संध्याकाळ चालू असते. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सातला आरती सुरू होते, तेव्हा तिथं सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि तो वर्गात बसलेला असतो. तिथलं पहिलं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. म्हणजे गणपतीत नवी खोली आणि नवं शहर, तर दिवाळीत ऐन सत्रातल्या परीक्षा. मन अजून रुळलेलं नसतं आणि सण मात्र एकामागून एक येत राहतात.

घरच्या आठवणीनं व्याकूळ होणं हा दुबळेपणा नव्हे. १६८८ मध्ये योहानेस होफर यानं बाझेल विद्यापीठात या दुखण्यावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्याला तो आजारच वाटला होता. आज मानसशास्त्र त्याकडे स्थलांतराची स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणून पाहतं. दिवसभर कामात गुंतलेलं मन तग धरतं; रिकाम्या वेळी आणि रात्री आठवण उसळते. सण तर उटण्याच्या वासापासून मोठ्या काकांच्या हाकेपर्यंत सगळं एकदम जागं करतो. म्हणूनच घरचा उत्सव तासभर व्हिडिओ कॉलवर पाहिला, की फोन ठेवल्यावर खोली आणखी ओकी वाटते.

यावर उपाय एकच: सण नुसता पाहायचा नाही, करायचा. घरी असताना आपण तयार फराळावर बसायचो. भाजणी, साफसफाई, पाहुणे हे सगळं आई-आजी निभावायच्या. परदेशात सण आपोआप होत नाही. जो उठून आकाशकंदील लावतो, त्याच्याच घरी दिवाळी येते.

त्यासाठी फार काही लागत नाही. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात चकल्या तळायला घेतल्या, तर धुराचा भोंगा वाजायची भीती असते. बेसनाच्या लाडवांना मात्र बेसन, तूप, पिठीसाखर आणि मंद आचेवर भाजण्याचा धीर पुरतो. खोलीत उघड्या ज्योतीला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तिथं बॅटरीच्या पणत्या चालतात. घडीचा कागदी कंदील बॅगेत सहज मावतो. मंगळवारी परीक्षा असेल, तर दिवाळी शनिवारी करावी. भारताबाहेरच्या मराठी मंडळांचे कार्यक्रमही बहुधा शनिवार-रविवारीच होतात.

या मंडळांची दारं जरूर ठोठावावीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तर उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. पण केवळ आपल्याच माणसांत राहू नये. शेजारच्या खोलीतल्या कोरियन किंवा नायजेरियन मुलालाही घर आठवत असतंच. त्याला फराळाला बोलावलं, की आपण यजमान होतो, आणि यजमानाला एकटेपणाकडे बघायला सवड नसते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आणि डिसेंबरात नाताळला वसतिगृहं ओस पडतात. त्या दिवसांत असे जोडलेले मित्रच उपयोगी पडतात.

आईवडिलांच्या हातातही बरंच आहे. पार्सल पाठवण्याआधी त्या देशाचे नियम पाहावेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी टाळावी. ऑस्ट्रेलियात सोबत आणलेलं खाणं उतरताच जाहीर करावं लागतं. फोनवर ‘तू नाहीस म्हणून घर सुनं वाटतं’ एवढंच बोललं, तर मुलाच्या मनावरचं ओझं वाढतं. त्याऐवजी चिवड्याची फोडणी कशी करायची ते सांगावं, त्यानं काय केलं ते कौतुकानं ऐकावं.

एवढं करूनही झोप, भूक आणि अभ्यास दोन-दोन आठवडे बिघडलेलेच राहिले, तर ते फक्त सणाचं हळवेपण मानू नये. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात. त्यांना भेटण्यात कमीपणा नाही. जीव नकोसा वाटू लागला, तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते.

तुमचं मूल यंदा परदेशात असेल, तर फराळाच्या डब्याबरोबर आजीच्या हातची एखादी पाककृतीही लिहून पाठवा. आणि तुम्हीच तिकडे असाल, तर लाडू चार जास्त वळा. कुणाला तरी बोलवायचं आहे.